लूमखात्यातला पहिला माणूस

मिलच्या लूमखात्यात उभा राहून मी एकदा म्हणालो होतो, "त्यांच्या धोट्याला मी तोंड लावणार नाही."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. ज्यांच्यासमोर बोललो त्यांतले बरेच आता राहिले नाहीत. जे आहेत त्यांना ते आठवत असेल असंही वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. ज्यांच्याबद्दल बोललो ते बौद्ध होते. मीही बौद्ध आहे. तेव्हा त्या खात्यात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकट्या त्यांना ठाऊक होतं.

धोट्याचं आधी सांगतो, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी ती छोटी लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी बसते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या कुशीतल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. आमच्या जुन्या मागांवर ते काढायची रीत एकच होती. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत जिभेवर येतं, त्याच्याबरोबर कापसाची धूळ येते, माल रंगीत असला तर रंगाची कडू चव येते. पाळीभर हेच. एका पाळीचा माणूस जातो, दुसऱ्या पाळीचा येतो, धोटे मात्र तेच राहतात. म्हणजे दोघांची तोंडं एकाच लाकडाला.

म्हणून लूमखात्यात आमच्या माणसांना घेत नसत. कुठे लिहिलेलं नव्हतं. घटना लागू होऊन पिढी उलटली होती, आणि ती कोणी लिहिली हे महूच्या पोराला सांगावं लागत नाही. मिलमध्ये सगळ्यांना गेट एक होतं, कँटीन एक होतं, युनियनची सतरंजी एक होती. फक्त लूमखात्यात 'वो लोग' नसत. आमचे सगळे सूतखात्यात, कताईच्या बाजूला. कोणी कारण विचारलंच तर लोक हसून ओठांवर बोट ठेवत, म्हणजे धोटा. पुढचं बोलायची गरज पडत नसे.

मग मी तिथे कसा?

माझे वडील फौजेत हवालदार होते. महूतच आमचं घर. अकरावी करून मी इंदूरला आलो आणि मिलच्या गेटवर बदली कामगारांच्या घोळक्यात उभा राहू लागलो. कोणी गैरहजर असलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गेटवर यायचा आणि बोट दाखवून माणूस उचलायचा. लूमखात्याचा जॉबर मराठी होता. त्याने माझं आडनाव विचारलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, आणि देवास म्हणजे मराठ्यांची जुनी गादी. तो म्हणाला, "देवासकडचे का रे तुम्ही?"

मी मान हलवली, "हो, त्याच बाजूचे."

तो म्हणाला, "चल, आत चल."

तेवढंच झालं. मी जात सांगितली नाही, त्याने विचारली नाही. एका गावाचं नाव त्याने घेतलं आणि मी मान हलवली. पुढची सगळी वर्षं मी त्या हलवलेल्या मानेखाली काढली.

मल्हारगंजात एका धान्याच्या दुकानावर खोली घेतली. महूहून कोणाला तिथे येऊ दिलं नाही. आई म्हणायची, "एकदा तुझी खोली तरी बघू दे." मी म्हणायचो, "मालक कटकट करतो." मालक बिचारा कशाचीच कटकट करत नव्हता. ज्यांचा जन्म आमच्या महूचा त्यांच्या जयंतीला सगळं गाव रस्त्यावर येतं, नागपूरपासून लोक येतात, आणि त्या दिवशी मी मिलमध्ये आपणहून दुहेरी पाळी मागून घ्यायचो. जॉबर खूश व्हायचा. "छुट्टी नको म्हणणारा हाच एक," असं सगळ्यांना सांगायचा.

जेवणाच्या सुटीत आम्ही मराठी लोक एकत्र बसायचो. जॉबरच्या घरचा ठेचा यायचा, कोणाकडून शेव यायची, माझ्या डब्यातली भाजी दुसऱ्याच्या पोळीवर जायची. थट्टा चालायची. मी कमी बोलतो म्हणून माझ्यावरच जास्त.

"भिया, याच्या तोंडात कांडी अडकलीये. बोलतच नाही."

"अरे बोलेल कसा, शादी ठरली असेल."

"कोण देतंय याला? मुलीला वाटेल, मुक्याशी लग्न लावलं."

मी हसायचो. ते माझ्या डब्यात हात घालत आणि मला आत कुठेतरी गार वाटायचं, कळलं तर हे काय करतील म्हणून. इतकी माणसं चारी बाजूंनी असताना इतकं एकटं मला नंतर रिकाम्या घरातही वाटलं नाही. लग्न पुढे महूच्याच मुलीशी झालं. मिलमध्ये पेढे वाटले, पण तिला कोणाला भेटवलं नाही. ती काही दिवस विचारत राहिली, मग विचारायची थांबली. मी स्वतःला लपवत होतो हे तिला माहीत आहे. त्या वाक्यापर्यंत ती कधी पोचली नाही.

मग ते आले. त्यांना मी काकाच म्हणतो, लहानपणापासून तेच म्हणत आलोय. त्यांचे थोरले भाऊ माझ्या वडिलांच्या पलटणीत होते. महूला त्यांच्या घरी मी जेवलोय, त्यांच्या अंगणात पडून गुडघा फोडून घेतलाय. नंतर ते इंदूरला मिलच्या सूतखात्यात लागले आणि आमच्या घरांचं येणंजाणं कमी झालं. माझ्या पाळीत नसल्याने ते मला मिलमध्ये कधी समोरासमोर भेटले नव्हते. खरं सांगायचं तर सूतखात्याच्या बाजूला मी फिरकतच नसे.

मिल तेव्हा सरकारच्या ताब्यात गेली होती. आजारी मिल म्हणायचे. वरून नवे साहेब आले, त्यांनी नियम काढला की ज्येष्ठतेप्रमाणे कोणालाही कोणत्याही खात्यात मागणी करता येईल. काकांनी लूमखातं मागितलं. का मागितलं ते सगळ्यांना कळत होतं. सूतखात्यातली यंत्रं भंगारात जाणार, सूत बाहेरून विकत घेणार, अशी बोलवा होती. माग चालू राहणार होते. जो लूमखात्यात असेल तो टिकेल, बाकीचे घरी. काकांची तीन मुलं शाळेत होती. मागावरची नोकरी त्यांना तेवढ्यासाठी हवी होती.

माझ्याच मागांवर त्यांची नेमणूक झाली, माझ्या आधीच्या पाळीला. पाळी बदलताना माग बंद करत नाहीत. जाणारा बाजूला होतो, येणारा हात घालतो. पहिल्या दिवशी मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि त्यांनी मान वर केली.

लूमखात्यात कानांचा काही उपयोग नसतो. शेकडो माग एकदम आपटत असतात. तिथले लोक ओठांवरून बोलतात. आवाज न काढता तोंड नीट हलवायचं, समोरच्याने बघून समजायचं. दोन-तीन रांगा ओलांडून आम्ही गप्पा मारायचो, शिव्यासुद्धा द्यायचो. सूतखात्यातही गोंगाट असतो, त्यामुळे ही विद्या काका शिकूनच आले होते.

त्यांचे ओठ हलले. "हवालदारांचा ना तू?"

माझी नजर पलीकडे उभ्या जॉबरकडे गेली. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वळून जॉबरकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. एवढी लवकर एवढी मोठी गोष्ट मला कोणी समजून घेतल्याचं आठवत नाही. ते खांद्यावरचा पंचा झटकून निघून गेले. त्या दिवसानंतर त्यांनी कोणासमोर मला ओळख दाखवली नाही. मागांबद्दल बोलायचे तेवढंच. "तिसऱ्याचा पट्टा ढिला आहे, बघ." "दुसऱ्यावर धागा तुटतोय सारखा."

त्यांनी धोट्याला तोंड लावलंच नाही, पहिल्या दिवसापासून. सायकलच्या आऱ्याची तार घासून, टोक वाकवून त्यांनी एक आकडा केला होता. तो भोकातून घालायचे आणि सूत ओढून घ्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणतील ते आधीच ओळखून त्यांनी घरून तयारी केली होती. सुरुवातीला हात हळू चालायचा, दोन आठवड्यांत इतरांच्या बरोबरीने चालू लागला. खोकणाऱ्या म्हाताऱ्यांनी खरं तर तो आकडा मागून घ्यायला हवा होता. तोंडाने सूत ओढून छातीत काय काय गेलं ते आज आम्हा सगळ्यांना कळतंय. पण त्यांच्या हातातली तार कोण मागणार?

तार असूनही कुरकुर सुरू झाली. जेवणाच्या सुटीत.

"तार आपल्यासमोर वापरतो. नसतो तेव्हा काय करतो, कोण बघतंय?"

"साहेब लोगों का क्या है, कायदा काढून मोकळे. तोंड आपलं."

"आज एक आला, उद्या पूरी लाइन लगेगी."

त्याच सुमारास शहरात आरक्षणाविरुद्ध कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरत होती. बस अडवत होती, बूट पॉलिश करायला बसत होती, आता आम्हाला हेच काम उरलंय म्हणून. पेपर आला की जेवताना त्याचीच चर्चा. पेपर वाचून दाखवायचं काम माझं होतं, कारण मी अकरावी. मी वाचायचो. सगळे आपापलं बोलून घ्यायचे आणि मग कोणीतरी म्हणायचं, "तू बोल ना रे, तू तर शिकलेला." मी म्हणायचो, "आपल्याला काय, आपण आपलं काम करायचं." हे उत्तर सगळ्यांना पटायचं.

मग एका दुपारी, पाळी बदलायच्या वेळी, जॉबर माझ्याजवळ आला. काका त्यांच्या मागांवरून बाजूला होऊन पलीकडच्या खांबाशी हातपाय पुसत होते. चार-पाच जण आसपास रेंगाळत होते. त्यांना माहीत होतं काय विचारणार ते. जॉबर तोंड जवळ आणून ओठ हलवत म्हणाला, "जोडीदार तुझा आहे. तुला चालतंय का सांग. तुझं हो असेल तर मी या लोकांना बघून घेतो. नाही म्हणालास तर साहेबांना सांगावं लागेल, जोडीदार तयार नाही. बोल."

इतकं सरळ होतं ते. माझ्या एका शब्दावर होतं.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी नंतर इतक्यांदा उलटंपालटं केलंय की आता खरं काय आणि नंतर जोडलेलं काय ते मलाच कळत नाही. पण एक नक्की. मला भीती वाटली की हो म्हणालो तर लोक विचारतील, याला कसं चालतं? मी खरंच देवासकडचा मराठा असतो तर 'मला काय, चालतंय' असं सहज म्हणालो असतो. असे लोक होते त्या खात्यात. मी तसा नव्हतो, म्हणून मला त्यांच्यापेक्षा कडक व्हावं लागलं. दुसऱ्याचा आव आणणाऱ्याला त्या आवात कुठे सूट घेता येते ते ठाऊक नसतं. तो सगळं पुरेपूर करून दाखवतो.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नाही म्हणून मान हलवून मोकळा झालो असतो. पण मला आसपासच्या चौघांना पटवायचं होतं. म्हणून मी तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द सुटा करून, सगळ्यांना दिसेल असं म्हणालो, "त्यांच्या धोट्याला मी तोंड लावणार नाही."

बोलून झाल्यावर मी खांबाकडे पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. पंचा हातात तसाच होता. त्यांनी प्रत्येक शब्द वाचला होता. दुसऱ्या कोणत्याही जागी असतो तर माझा आवाज तिथवर गेला नसता.

संध्याकाळच्या सुटीत मी चहाला गेटवर आलो तेव्हा ते, पाळी कधीच संपली असूनही, अजून तिथेच होते, सायकलचं कुलूप काढत होते. सगळ्यांच्या देखत त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "राम राम."

आमच्यात एकमेकांना राम राम घालत नाहीत. आमचा नमस्कार वेगळा आहे आणि तो काकांच्या तोंडून मी लहानपणी रोज ऐकलाय. त्यांनी मला तो घातला नाही. मला जो चालेल तो घातला. माझ्याबद्दल एक शब्द त्यांनी जॉबरला सांगितला असता तर मी त्याच दिवशी बाहेर पडलो असतो. त्यांनी तसं केलं नाही. मी उलट "राम राम" म्हणालो आणि चहा प्यायला गेलो.

आठवड्याच्या आत ते सूतखात्यात परत गेले. स्वतःच्या विनंतीवरून, असं फळ्यावर लागलं. त्यांच्या जागी भागीरथपुऱ्याचा एक उत्तर प्रदेशी भय्या आला. चांगला माणूस होता. त्याच्या धोट्याला तंबाखूचा वास यायचा, आणि मी वर्षानुवर्षं तो तोंडात घेतला.

बोलवा खरी होती. सूतखातं वर्षभरात बंद झालं. तिथल्या लोकांना घरी पाठवलं. सूत बाहेरून येऊ लागलं आणि माग आणखी काही वर्षं चालले. तेवढ्यात देशाचं धोरण बदललं. पेपर मीच वाचून दाखवत होतो, परकीय भांडवल, खुला बाजार, आजारी उद्योग सरकारने किती दिवस पोसायचे. जॉबर म्हणायचा, "पढ़, पढ़, अपनी ही मौत का पर्चा है." शेवटी आमचंही गेट बंद झालं. लोक गेटसमोर तंबू टाकून बसले, महिनेच्या महिने बसले, मग एकेक जण उठून गेला. कोणी रिक्षा घेतली, कोणी पोह्याची गाडी लावली, कोणी नुसता घरी बसला आणि लवकर गेला. माझ्या पदरात मागाची वर्षं होती म्हणून कापड ओळखता यायचं. मल्हारगंजातल्या एका कापड दुकानात मला उभं राहायला जागा मिळाली. बाहेरच्या मिलांचा आणि पॉवरलूमचा माल मी गजाने मोजून विकू लागलो.

काकांचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला महूला जावं लागलं असतं. एकदा इंदूरच्या लालबागला जत्रा भरली होती. मुलगी लहान होती, तिला पाळण्यात बसायचं होतं. रांगेत उभा असताना मला काका दिसले, एका दुकानाचे बांबू खांद्यावर घेऊन जाताना. मजुरीला असावेत. वय दिसत होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, आपला नंबर आला." मी तिचा हात धरून रांगेतून बाहेर पडलो आणि तिला दुसऱ्या टोकाला कुल्फी घेऊन दिली. ती घरी येईपर्यंत रडत होती. बायकोने विचारलं, "पाळण्यात का नाही बसवलंत?" मी म्हणालो, "गर्दी होती."

एका उन्हाळ्यात जॉबर दुकानात आला. तोही म्हातारा झाला होता. नातवाच्या मुंजीला कापड हवं होतं. मालक जेवायला गेला होता, आम्ही कापडाचं थान उघडून बसलो आणि मिलच्या गोष्टी निघाल्या. कोण गेलं, कोण आहे. त्यालाच काका आठवले. म्हणाला, "तो तारवाला आठवतो का रे? क्या हाथ था यार. चांगला विणकर झाला असता."

मी थान गुंडाळत राहिलो.

तो म्हणाला, "तू हो म्हणशील असं धरूनच मी तुला विचारलं होतं."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"अरे म्हणजे काय! शिकलेला पोरगा, पेपर वाचणारा, याला काय फरक पडतो? तू हो म्हणालास की त्या बुढ्यांना मी सांगणार होतो, जोडीदाराला चालतंय तर तुमच्या बापाचं काय जातं? साहेबांशी पण बोलून ठेवलं होतं. सगळं जमवलं होतं मी. तूच नाही म्हणालास."

"मग तुम्ही मला समजावलं का नाही भाऊ?"

तो हसला. "मी कशाला समजावू? मला वाटलं, लडके के संस्कार पक्के हैं."

त्याने कापड घेतलं, घासाघीस केली, गेला. मी दुकानात एकटा होतो. तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की माझ्या हो म्हणण्याने काही झालं नसतं, खातं त्यांना टिकू देणारच नव्हतं, मी नाहीतर दुसरा कोणी बोलला असता. त्या दिवशी तेही गेलं.

पुढे दिवस बदलले. मी धीट झालो असं नाही, लपवायला जागा उरली नाही. मिलची माणसं पांगली, दुकानात आडनावाशी कोणाला देणंघेणं नव्हतं. आम्ही सुदामा नगरात घर घेतलं. मुलगी मोठी झाली आणि तिला कसलाच संकोच नव्हता. ती कॉलेजात भाषणं करते, जयंतीला मैत्रिणींना घेऊन महूला जाते, आमचा नमस्कार ती फोन उचलतानाही म्हणते. तिच्या मागे मागे मीही वस्तीतल्या विहारात जाऊ लागलो. लोकांनी मला विचारलं नाही की इतकी वर्षं कुठे होतात. सतरंजीवर सरकून जागा दिली.

एके दिवशी तिने कुठेतरी धोट्याचं वाचलं आणि धावत माझ्याकडे आली. "बाबा, आपल्या लोकांना लूमखात्यात घेत नव्हते? आणि तुम्ही तिथे होतात? कसे काय?"

मी म्हणालो, "घेतलं त्यांनी."

"असंच घेतलं? भांडलात ना? तुम्ही सांगत नाही कधी, पण तुम्ही भांडला असणार."

मी पेपर उघडून बसलो. मी नेहमीच कमी बोलतो, त्यामुळे त्या गप्प राहण्याचा तिने नम्रपणा असा अर्थ घेतला. तिने विहाराच्या समितीला सांगितलं. समितीने जुन्या मिल कामगारांचा सत्कार ठरवला आणि त्यात माझ्या नावापुढे म्हणायला एक ओळ तयार झाली: मिलच्या लूमखात्यात पाऊल ठेवणारा आपला पहिला माणूस.

मी नको म्हणालो. समितीवाले म्हणाले, "सर, तुम्हाला नको असेल, पोरांना हवंय." बायको माझ्याकडे बघत राहिली. "का नको?" तिने विचारलं. उत्तर द्यायचं तर सगळंच द्यावं लागलं असतं. मी नवा शर्ट घातला आणि गेलो.

मुलगी माझ्याबद्दल बोलली. फार छान बोलली. ज्या धोट्याला आपला स्पर्श चालत नव्हता त्याला ओठ लावून माझ्या बाबांनी कापड विणलं, असं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल पांघरून उभा होतो. दुसऱ्या रांगेत, मफलर गुंडाळलेले, काका बसले होते. त्यांचा मुलगा आता आमच्या भागात राहायला आला होता, तोच त्यांना घेऊन आला होता. तेही टाळ्या वाजवत होते. सावकाश, मधूनमधून खोकत.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी मला ओढत त्यांच्याकडे घेऊन गेली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की हेही मिलमधले. ती त्यांच्या पाया पडली. काका माझ्या आईबद्दल विचारू लागले, कधी गेल्या, फार त्रास झाला का. मी सांगत होतो. तेवढ्यात मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कोणत्या खात्यात होतात?"

काका म्हणाले, "सूतखात्यात."

"लूमखात्यात कधीच नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच बघत म्हणाले, "नाही जमलं बेटा."

त्यांचा मुलगा बाजूला उभा होता. कौतुकाने मला म्हणाला, "बाबा मिलचं काही सांगतच नाहीत. आम्हाला तर वाटतं, यांनी आयुष्यभर सूतच काढलं."

मला तिथेच बोलता आलं असतं. हॉलमध्ये लोक होते, माइक अजून काढला नव्हता. मी त्यांच्या मुलाला म्हणालो, "थंडी आहे, यांना सांभाळून न्या." आणि घरी आलो. बायकोने शाल घडी करून ठेवली.

तेव्हापासून झोप लागत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. झोप लागते. दुकानात जातो, जेवतो. फक्त घरात कोणी मिलचा विषय काढला की मी उठून गच्चीत जातो, आणि मुलगी म्हणते, बाबांना त्रास होतो, नका काढू. तिला वाटतं, आठवणींचा त्रास होतो. माझ्या एवढ्या जवळ राहून तिने ज्याच्यावर प्रेम केलं तो माणूस मी नाही, हे एकट्या मला माहीत आहे. आणि काकांना. एवढ्या मोठ्या शहरात मला खरा ओळखणारा तो एकच माणूस आहे, त्यामुळे मी त्याच्या घराच्या गल्लीतून जात नाही.

लूमखात्यातला आपला पहिला माणूस काका होते. ते स्वतःच्या जातीसकट, ज्येष्ठतेच्या हक्काने, उजळ माथ्याने आत आले. मी चोरून आत होतो. ते तिथे होते हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही. मी सांगितलं नाही तर ते घडलंच नाही असं होईल.

मी त्यांचं देणं लागतो ते असं. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी बसलेली असताना, पहिला माणूस कोण होता आणि त्याला बाहेर कोणी काढलं हे माझ्या तोंडाने सांगायचं. ते हयात असताना. अजून सांगितलेलं नाही.